कथाबीज : फौजेतून परतलेली वारस आणि वडिलांचं गोदाम (टीका, सूचना, भांडणं सगळं चालेल)

कच्चा खर्डा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. एक दीर्घ रहस्यकथा बरेच दिवस डोक्यात घोळते आहे. लिहायला बसलो की तिसऱ्या प्रकरणाशी अडते, म्हणून इथे मांडतोय.

नायिका २७ वर्षांची, सहा वर्षं सैन्यात काढून बाहेर पडलेली. वडिलांचं पिढीजात गोदाम आहे. व्यापारी माल आणून ठेवतात, गोदामवाला पावती देतो, ती पावती बँकेत तारण ठेवून व्यापारी कर्ज उचलतात. एक दिवस वडील घरातून बाहेर पडतात ते परत येत नाहीत. काका आणि जुने हिशेबनीस मिळून कारभार रेटतात. ती परतते, किल्ल्या तिच्या हातात येतात आणि वडिलांचं काय झालं याचा शोध सुरू होतो. देश आणि काळ मुद्दाम मोकळा ठेवलाय, कारण त्यावरही तुमचं मत हवंय.

मसुद्यात पाठलाग आहे, अंधारातली झटापट आहे, ती दर दहा पानांनी कुणाला तरी लोळवते. वाचायला मजा येते, पण गोदाम नुसतं नेपथ्य होऊन बसलंय. गोदामाऐवजी सर्कशीचा तंबू ठेवला तरी कथेत एक ओळ बदलावी लागणार नाही. आणि मला ते खटकतंय.

रात्रपाळी

नदीकाठी वडिलांच्या चपला आणि घड्याळ सापडतं का? सापडत असेल तर आधी ते काढा, मग बोलू.

कच्चा खर्डा

घड्याळ होतं. काढलं.

निळी शाई

पाठलाग ठेवा की काढा, तो तुमचा प्रश्न. मी वेगळंच विचारते. ती फौजेतलीच का हवी? लोळवायचंच असेल तर कुस्ती शिकलेली मुलगीही लोळवेल. फौजेमुळे तिच्या बाबतीत एकच गोष्ट खरोखर वेगळी होते: ती सहा वर्षं घरी नव्हती आणि नसणार हे घरच्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होतं. तिला पत्रातून, फोनवरून जेवढं सांगितलं तेवढंच घर तिला माहीत. तुमचं गूढ त्या सहा वर्षांत आहे. वडील नाहीसे झाले तो दिवस फार उशिराचा.

मार्तँ गेरची हकीकत बऱ्याच जणांना माहीत असेल, पण ती नेहमी प्रेमकथा म्हणून सांगतात. मला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. दक्षिण फ्रान्समधलं आर्तिगा गाव. बापाचंच धान्य चोरल्याचा आळ आला म्हणून १५४८ साली मार्तँ घर सोडून गेला. मागे बाप वारला आणि मालमत्ता काका सांभाळू लागला. १५५६ मध्ये 'मार्तँ' परत आला. बायकोने ओळखलं, बहिणींनी ओळखलं, काकानेही ओळखलं. दोन-तीन वर्षं सुखात गेली. मग पुतण्याने काकाकडे मधल्या वर्षांचा हिशेब मागितला आणि काका म्हणू लागला की हा आपला पुतण्याच नव्हे!

हेतू काहीही असो, काकाचं म्हणणं खरं होतं. तो आर्नो द्यु तील नावाचा तोतया होता. १५६० मध्ये तुलूझच्या न्यायालयात तो सुटायच्या बेतात होता, तेवढ्यात खरा मार्तँ लाकडी पायावर चालत आला. मधल्या काळात तो स्पेनच्या सैन्यात होता आणि १५५७ च्या सँ-काँतँच्या लढाईत त्याचा पाय गेला होता. आर्नोला फाशी झाली, गेरांच्या दारासमोरच.

त्या खटल्यातली माझी आवडती साक्ष गावातल्या जोडे शिवणाऱ्याची. त्याने सांगितलं, मार्तँच्या पायाचं माप मोठं होतं, याचं लहान आहे. बायकोची ओळख चुकली (की तिने चुकू दिली, यावर अजून वाद आहेत), पण कारागिराकडचं माप चुकलं नाही. तुमच्या गोदामातही अशी मापं असणारच.

शंकासुर

निळी शाई, प्रतिसाद आवडला. इतक्या लांब कशाला जायचं म्हणा, पानिपतावर १७६१ मध्ये भाऊसाहेब गेले, आणि पुढे तोतया उभा राहिलाच की. १७७६ मध्ये त्याला मारेपर्यंत त्याच्यामागे माणसं गोळा होत होती. रणांगणावरून न परतलेल्या माणसाची जागा रिकामी दिसली की तिथे बसायला कुणीतरी येतंच.

फौजी संदर्भासाठी मात्र टिचबोर्न खटला बघा. रॉजर टिचबोर्न हा इंग्लंडमधल्या श्रीमंत घराण्याचा वारस. तरुणपणी काही वर्षं घोडदळात अधिकारी होता, ते सोडून प्रवासाला निघाला आणि १८५४ मध्ये त्याचं जहाज बुडालं. आईचा विश्वास बसेना, तिने जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक जाडजूड गृहस्थ 'मीच रॉजर' म्हणत हजर. खरा रॉजर फ्रान्समध्ये वाढलेला, याला फ्रेंचचं अक्षर येत नाही. तरी आईने त्याला पोटाशी धरलं! कथेसाठी कामाची गोष्ट पुढे आहे. या गृहस्थाने रॉजरच्या पलटणीतले दोन माजी सैनिक नोकरीला ठेवले. मग पलटणीतल्या बारीकसारीक आठवणी तो घडाघडा सांगू लागला आणि जुने अधिकारीही चकले. फौजदारी खटला न्यायालयात १८८ दिवस चालला आणि १८७४ मध्ये त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

तुमच्या नायिकेसोबत नोकरी केलेलं कुणीतरी तिच्या येण्याआधीच गोदामात कामाला लागलेलं असेल तर?

चकवा

इतिहासाचा तास छान झाला, पण धागालेखकाने रहस्यकथा म्हटलंय. हिशेबाच्या वह्या वाचणारी नायिका कोण वाचणार? कीर्द, खतावणी, तेरीज... झोप आली टंकतानाच. ठेवा हो हाणामारी.

तेरीज

माझंच नाव घेतलंत म्हणून आले. :)

चकवा, १९६३ चं सॅलड तेलाचं प्रकरण ऐकलंय का? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेयोन इथे टिनो डी अँजेलिस नावाचा तेलाचा व्यापारी होता. प्रचंड टाक्या, त्यात सोयाबीनचं तेल, आणि त्या तेलाच्या गोदाम-पावत्या द्यायची अमेरिकन एक्स्प्रेसची एक उपकंपनी. पावत्या तारण ठेवून हा कर्जं उचलायचा. तपासनीस टाकीवर चढायचे, वरून माप आत सोडायचे, तेल लागायचं, सही करून खाली उतरायचे. टाक्यांत होतं पाणी. तेल हलकं, ते वर तरंगतं. नोव्हेंबरमध्ये डोलारा कोसळला तेव्हा बँका आणि दलालांचे पंधरा कोटी डॉलरहून जास्त बुडाले होते.

याहून भारी भाग ऐका. त्याच्या नावावर कागदोपत्री जेवढं तेल होतं तेवढं सरकारी आकड्यांप्रमाणे सबंध देशातही शिल्लक नव्हतं. ते आकडे दर महिन्याला छापून येत होते आणि कुणीही दोन कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

आता सांगा, यात झोप कुठे येते?

धागालेखक, गोदाम हा धंदा तुम्ही निवडलाय तो गूढासाठी सोन्यासारखा आहे. गोदामवाल्याचं स्वतःचं आत काहीच नसतं. तो विकतो ती फक्त खात्री, की पावतीवर लिहिलंय ते आत आहे. फसवणूक तीनच ठिकाणी होऊ शकते: माल नाहीच, माल आहे पण दुसराच, किंवा एकाच मालावर दोन पावत्या. तिसरा प्रकार लिहायला सगळ्यात चांगला, कारण गोदामात जाऊन मोजलं तर सगळं बरोबर भरतं. घोळ पावतीपुस्तकात असतो. मधलंच एखादं पुस्तक गायब असतं, किंवा पुस्तकातल्या स्थळप्रती दुसऱ्याच शाईतल्या असतात.

आणि कृपा करून नायिकेला संगणकापुढे बसवून 'बेनफर्डचा नियम' लावायला लावू नका. हल्ली प्रत्येक कथेत तो येतो. खऱ्या हिशेबांत १ ने सुरू होणारे आकडे साधारण ३० टक्के आणि ९ ने सुरू होणारे पाच टक्क्यांहूनही कमी असतात, बनावट आकड्यांत ते सारखे पसरतात, हे बरोबर. पण त्याला ढिगाने नोंदी लागतात, त्याही लहानापासून खूप मोठ्या रकमांपर्यंत पसरलेल्या. गोदामाचं भाडं दर महिन्याला तेच ते असतं. तिथे तो नियम काही सांगत नाही.

बरॅक क्रमांक सात

बारा वर्षं नोकरी करून बाहेर पडलोय, म्हणून थोडं बोलतो.

नायिकेला कुठल्या शाखेत ठेवलंय ते लिहिलं नाहीत. पुरवठा किंवा भांडार विभागात ठेवा. लोकांना वाटतं फौज म्हणजे बंदूक. फौजेत जेवढी मोजदाद चालते तेवढी एखाद्या वाण्याच्या दुकानातही चालत नसेल. पदभार सोपवताना एकेक वस्तू मोजून, यादीवर दोघांच्या सह्या होतात. तंबूची एक खुंटी कमी भरली तरी घेणारा सही करत नाही, कारण सही केली की ती खुंटी त्याच्या डोक्यावर. अशी मुलगी घरी येते आणि काका किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून म्हणतो, "घे, सांभाळ." यादी नाही, मोजणी नाही, सही नाही. तिच्या पोटात तिथेच गोळा येईल. नदीकाठच्या घड्याळाची गरज नाही.

तिला अडचणी कशाच्या येतील? दरारा नसण्याच्या. काल चाळीस माणसं तिच्या शब्दावर हलत होती, आज गोदामातला मुकादम तिला लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारतो आणि ऐकतो काकांचं. तिथे हुकूम चालत नाही. शिवाय वडिलांनी अर्धा धंदा डोक्यात ठेवलेला. कुणाला किती दिवस उधार, कुणाचा माल वर ठेवायचा, कुणाशी बोलताना दार बंद करायचं, यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. लेखी आदेशाशिवाय न हलणाऱ्या माणसाला हे जड जातं.

रात्री दचकून उठणं वगैरे जपून. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस दचकत नाही, आणि जो दचकतो तो दिवसा उत्तम काम करत असतो. काळ जर १९८० च्या आधीचा धरलात तर 'पीटीएसडी' (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हा शब्द कुणाच्या तोंडी घालू नका. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत तो त्या वर्षी आला.

निळी शाई

"घे, सांभाळ" हे पहिल्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य होऊ शकतं. वा.

रात्रपाळी

मुकादम हवाच. त्याला मारू नका फक्त. अशा कथांत जुना विश्वासू माणूस काहीतरी सांगायला येतो आणि सांगायच्या आत मरतो.

कच्चा खर्डा

रात्रपाळी, तुम्ही माझा मसुदा चोरून वाचलाय का? :ड

बरॅक साहेब, भांडार विभाग पक्का. तेरीज ताई, दोन पावत्यांचं घेतोय. आता कायद्याचं कुणी सांगेल का? वडील बेपत्ता असताना ती 'वारस' होते तरी कशी? आणि काकाला खलनायक करावं का?

परिशिष्ट ब

होत नाही. तुमच्या कथेतली सगळ्यात मोठी फट तीच आहे आणि तीच सगळ्यात चांगली जागाही आहे.

बेपत्ता माणूस कायद्याने जिवंत असतो. भारतात सात वर्षं ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांना ती लागली नाही, तर मृत्यू गृहीत धरता येतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ आहे. त्यातही माणूस आता हयात नाही एवढंच गृहीत धरलं जातं. नेमका कधी गेला ते ज्याला सांगायचंय त्याने सिद्ध करायचं. इंग्लंडमध्ये २०१३ च्या कायद्यातही सातच वर्षं. जर्मनीत साधारणपणे दहा. तोवर मालमत्ता लोंबकळत असते. इंग्लंडने तर बेपत्ता माणसाचा कारभार पाहायला पालक नेमता यावा म्हणून २०१७ मध्ये वेगळा कायदा केला. तेव्हा नायिकेच्या हातात किल्ल्या येतील, मालकी येणार नाही. काका तिला सही करायला सांगेल आणि ती विचारेल, कोण म्हणून सही करू?

कर्जाचंही बघा. बापाचं कर्ज मुलाच्या बोकांडी किती बसावं हा फार जुना प्रश्न आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या उत्तरात सैनिक आहे. रोमन कायद्यात वारसा स्वीकारला की सगळं कर्ज अंगावर, मालमत्तेपेक्षा जास्त असलं तरी. तिसऱ्या शतकात सम्राट तिसऱ्या गॉर्डियनने सैनिकांपुरती सवलत दिली: मिळालं तेवढ्यापुरतंच देणं. कारण उघड आहे, सीमेवरच्या माणसाने घरचे हिशेब कधी बघायचे? पुढे ५३१ मध्ये सम्राट जस्टिनियनने ती सगळ्यांना दिली, पण अट घातली की ठरलेल्या मुदतीत मालमत्तेची यादी करायची. बरॅक साहेबांची खुंट्यांची यादी ती हीच.

आज बहुतेक ठिकाणी वारसाला पदरात पडलं त्याच्या पलीकडे देणं लागत नाही, किंवा वारसा नाकारायची सोय असते. जर्मनीत नाकारायला सहा आठवडे, वारस परदेशात असेल तर सहा महिने. परदेशात तैनात असलेल्या सैनिकासाठी ही मुदत किती नाट्यमय आहे बघा.

शंकासुर

म्हणजे तिला सरळ 'नको मला' म्हणून निघून जाता येईल? मग कथा संपलीच.

परिशिष्ट ब

नाही ना. वारसा नाकारता येतो, स्वतःची सही नाकारता येत नाही.

लांब तैनातीवर निघताना सैनिक घरच्या कुणाला तरी मुखत्यारपत्र करून देतात. बँकेचं काम, घराचे व्यवहार अडू नयेत म्हणून. तिने समजा वडिलांना सर्वाधिकार दिले होते. त्या कागदावर वडिलांनी तिला पेढीत भागीदार केलं असेल, किंवा तिच्या वतीने बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल, तर ती आज वारस म्हणून देणेकरी नाही. ती आधीपासूनच देणेकरी आहे. वडील जिवंत असोत वा नसोत.

निळी शाई

थांबा थांबा. हे तर थेट त्या सहा वर्षांत जाऊन बसलं. ती नव्हती म्हणूनच तिचं नाव वापरता आलं. वडील कुठे गेले हे शोधता शोधता तिला कळतं की मधली सहा वर्षं गोदामात 'ती' होतीच, कागदावर. मार्तँच्या जागी बाहेरून माणूस आला, इथे तिच्या जागी तिचीच सही बसली.

बरॅक क्रमांक सात

आणि हे शक्य आहे. निघायच्या आदल्या आठवड्यात माणूस पुढे येतील त्या कागदांवर सह्या करत सुटतो. विमा, नामनिर्देशन, बँक, मुखत्यारपत्र. वाचतं कोण?

चकवा

बरं, हे आवडलं. मागे घेतो. तरी एक झटापट ठेवा, माझ्यासाठी.

तेरीज

काकाला खलनायक करू नका मात्र. मला वाटतं काका गेली दोन वर्षं स्वतःच्या खिशातून दुसऱ्या पावतीवर उचललेल्या कर्जाचं व्याज भरतोय. नायिकेला वह्यांचा मेळ लागत नाही त्याचं कारण तेच. वहीत पैसे कमी पडण्याऐवजी जास्त दिसताहेत, आणि आपल्या नायिकेला (आणि वाचकाला) चोरी शोधायची सवय. जास्तीचे पैसे कुठून आले हे विचारायला वेळ लागतो.

शंकासुर

जास्तीचे पैसे! हे भारी आहे. पण मग वडील?

कच्चा खर्डा

वडिलांचं मी ठरवलंय, इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यांनी ती हमी स्वतःसाठी दिलेली नाही.

परिशिष्ट साहेब, शेवटची शंका. सर्वाधिकार दिले की हमी देण्याचा अधिकारही आपोआप जातो का? नाहीतर शेवटी कुणी वकील येऊन 'ही हमीच अवैध' म्हणेल आणि सगळं फुस्स होईल.

परिशिष्ट ब

आपोआप जातोच असं नाही. न्यायालयं मुखत्यारपत्र काटेकोर वाचतात. दुसऱ्याच्या कर्जाला हमी द्यायचा अधिकार त्यात स्पष्ट असावा लागतो, 'सर्व व्यवहार' एवढ्यावर बँकही सहसा भागवत नाही. त्यामुळे कागदात तसं एक वाक्य हवं, आणि ते कुणी आणि कधी घातलं हा तुमचा पुढचा प्रश्न. दोन पानांचा कागद असेल आणि सही फक्त दुसऱ्या पानावर असेल, तर पहिलं पान नंतर बदलता येतं. म्हणूनच प्रत्येक पानावर सही घेतात.

कच्चा खर्डा

मग दुसऱ्या प्रकरणात अख्खं मुखत्यारपत्र जसंच्या तसं छापतो, सहीसकट. रुक्ष कायदेशीर मजकूर, कुणी नीट वाचणार नाही.

रात्रपाळी

मी वाचणार. पानांचे क्रमांक बघत.